वक्ररेषेला वळण लावणारे यंत्रज्ञ : पिएर बेझिये

पट्टी हाती असली की सरळ रेषा कोणासही काढता येते, आणि कंपास हाती असला की वर्तुळही काढता येते. परंतु पोटाशी फुगून टोकाशी अलगद वळणारी कोयरीची रेषा, पाण्यावर तरंगणाऱ्या नावेच्या कुशीची रेषा, किंवा आपल्या 'ळ' ह्या अक्षराच्या दोन वाटोळ्यांची रेषा काढावयाची तर कोणते साधन घ्यावे? शतकानुशतके ह्या प्रश्नास एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे सरावलेला हात. हात सरावलेला असेल तर रेषा ओघवती उतरे. तो हात थकला किंवा जगातून गेला की त्याच्याबरोबर ती रेषाही जाई. कारण ती कोठे लिहून ठेवलेली नसे. दुसऱ्यास ती द्यावयाची तर तिची नक्कल काढावी लागे, आणि नक्कल म्हटली की चूक ही आलीच.

आज तशी स्थिती राहिलेली नाही. संगणकावर चित्र रेखाटणारा विद्यार्थी 'पेन टूल' नावाचे साधन निवडतो, पडद्यावर मोजके बिंदू ठेवतो, त्या बिंदूंपासून निघालेल्या लहानशा दांड्या इकडे तिकडे ओढतो, आणि पाहता पाहता एक सफाईदार वक्ररेषा उमटते. ती पुसली गेली तरी पुन्हा जशीच्या तशी काढता येते. नखाएवढी केली किंवा भिंतीएवढी केली तरी तिचा डौल बिघडत नाही. ह्या रेषेस 'बेझिये वक्र' असे म्हणतात. ज्यांचे नाव तिला मिळाले ते पिएर बेझिये चित्रकार नव्हते, आणि पेशाने गणितीही नव्हते. मोटारींच्या कारखान्यात आपले उभे आयुष्य घालविलेले ते एक यंत्रज्ञ होते. त्यांचा जीवनक्रम आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवावा, ह्या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

पिएर एत्येन बेझिये ह्यांचा जन्म 1 सप्टेंबर 1910 रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील व आजोबा दोघेही अभियंते होते. तेव्हा यंत्रांची आवड त्यांना घरातच मिळाली म्हणावयाची. 'आर ए मेत्ये' ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधील तंत्रविद्यालयातून 1930 मध्ये त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि लगेच पुढील वर्षी, 1931 मध्ये, विद्युत् अभियांत्रिकीचीही पदवी संपादन केली. 1933 मध्ये ते रेनो ह्या मोटार कारखान्यात नोकरीस लागले आणि 1975 पर्यंत, म्हणजे तब्बल 42 वर्षे, तेथेच राहिले.

त्यांची सुरुवात मोठ्या हुद्द्यावर झाली नाही. यंत्रांवर हत्यारे बसविणे आणि पुढे ती हत्यारे आखणे, हे त्यांचे पहिले काम. ज्या माणसाने पुढे वक्ररेषेला गणिताच्या भाषेत बांधले, त्याने आधी कित्येक वर्षे लोखंड कसे कापले जाते, हत्यार कोठे झिजते आणि नकाशातील केसभर चूक जुळणीच्या वेळी किती मोठी होऊन पुढे येते, हे डोळ्यांनी पाहिले होते. 1945 मध्ये हत्यारे आखणारी कचेरी त्यांच्या हाती आली. 1948 मध्ये उत्पादन अभियांत्रिकीची जबाबदारी त्यांच्यावर पडली. त्या काळात रेनोची '4 सीव्ही' ही लहान मोटार फ्रान्समधील सामान्य कुटुंबांत लोकप्रिय होत होती. तिचे बहुतेक यांत्रिक भाग तयार करणाऱ्या यंत्रमालिकांची आखणी बेझिये ह्यांच्या देखरेखीखाली झाली. एक यंत्र भोक पाडी, भाग आपोआप पुढे सरके, दुसरे यंत्र त्यास आटे पाडी, अशी ती रचना असे. 1957 मध्ये ते यंत्रहत्यारे बनविणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले. आकड्यांच्या आज्ञेबरहुकूम भोके पाडणारी आणि धातू कोरणारी यंत्रे तेथे तयार होऊ लागली. अशा यंत्रांत ती युरोपातील अगदी आरंभीची होत.

इतके झाल्यावर एखादा मनुष्य समाधानाने स्वस्थ बसला असता. परंतु एक गोष्ट बेझिये ह्यांच्या मनास सलत होती. मोटारीच्या पोटातील यंत्राचे भाग अचूक मापाने होत. मात्र मोटारीचा बाहेरचा देह, तिचे छप्पर, दारे, चाकांवरील फुगीर पत्रे, ह्यांचे माप कोठेच निश्चित लिहिलेले नसे. ह्याचे कारण असे की, ते आकार वळणदार होते.

त्या काळी मोटारीचा आकार कसा ठरत असे, हे येथे थोडक्यात सांगावयास हवे. प्रथम कलावंत कागदावर लहान चित्र काढी. त्यावरून मातीचा नमुना घडविला जाई. मग आरेखक भल्यामोठ्या फळ्यावर मोटारीच्या खऱ्या आकाराएवढा नकाशा काढीत. त्यासाठी लाकडी वक्रपट्ट्या व वाकणाऱ्या लवचिक पट्ट्या वापरीत. त्या नकाशावरून कुशल कारागीर प्लास्टरचा किंवा लाकडाचा मूळ नमुना बनवीत, आणि त्या नमुन्यावरून पत्रा दाबण्याचे लोखंडी साचे कोरले जात. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना रेषा दर वेळी थोडी बदले. आरेखकाला जो उतार बरा वाटला तो कलावंताच्या मनातला नसे. नमुनेकाराने जेथे घासून साफ केले तेथे नकाशा निराळाच असे. शेवटी साचा एक सांगे, नकाशा दुसरे सांगे आणि लाकडी नमुना तिसरेच सांगे. खरी रेषा कोणती, ह्याचा निवाडा करणारा कोणीही नव्हता. चूक उमगेपर्यंत महिने लोटत आणि मोठा पैसा खर्ची पडलेला असे.

1960 च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, बेझिये ह्यांनी हा प्रश्न हाती घेतला. आकड्यांवर चालणारी यंत्रे त्यांच्याजवळ होतीच. वळणदार आकारही जर आकड्यांत सांगता आला, तर कलावंत, आरेखक आणि साचेकार ह्या सर्वांपुढे एकच रेषा राहील, असा त्यांचा विचार होता. बोलावयास सोपे, पण करावयास कठीण असे हे काम होते. वक्ररेषेवरील हजार बिंदू मोजून यंत्रास दिले आणि त्यांतील एखादा बिंदू किंचित चुकला, तर तेवढ्या जागी पत्र्यास उंचवटा येतो; आणि चकाकणाऱ्या पत्र्यावर असा उंचवटा लपत नाही. बरे, कलावंतास समीकरणे लिहावयास सांगावी, तर तो कलावंत कसला? दोघांनाही समजेल अशी एक भाषा शोधणे भाग होते.

बेझिये ह्यांची पहिली कल्पना मोठी सुंदर होती. एक चौकोनी पेटी मनात आणावी आणि तिच्यात एक मूळ वक्ररेषा बसविलेली आहे असे समजावे. आता पेटी ताणली, तिरपी केली वा दाबली, की आतील रेषाही तिच्याबरोबर ताणली, तिरपी होईल वा दबेल. रेषेला हात लावावयाचा नाही; हात लावावयाचा तो पेटीस. पुढे विचार करता करता पेटीची जागा एका तुटक रेषेने घेतली. तीन सरळ काठ्या टोकांना टोके लावून ठेवाव्या आणि त्यांच्या कुशीत वक्ररेषा आपोआप बसावी, अशी ही योजना होती. काठ्या हलवाव्या, रेषा त्यांच्या मागोमाग येते.

विद्यार्थ्यांनी ही गोष्ट नुसती वाचून सोडू नये, वहीत करून पाहावी. कागदावर क, ख, ग, घ असे चार बिंदू घ्या. क हा रेषेचा आरंभ व घ हा शेवट. ख आणि ग हे बाजूस, रेषेपासून थोडे दूर असू द्या. आता क-ख, ख-ग आणि ग-घ हे तीन रेषाखंड काढा व त्यांचे मध्यबिंदू च, छ, ज असे मांडा. मग च-छ आणि छ-ज जोडा व त्यांचे मध्यबिंदू ट आणि ठ मांडा. शेवटी ट-ठ जोडा आणि त्याचा मध्यबिंदू म मांडा. हा म बिंदू आपल्या वक्ररेषेवरचा होय, आणि ट-ठ ही तेथील स्पर्शिका होय. एवढ्यावर न थांबता क, च, ट, म हे चार बिंदू घेऊन तीच कृती पुन्हा करा, आणि म, ठ, ज, घ हे चार घेऊनही करा. दोनतीन फेऱ्यांतच कागदावर इतके बिंदू जमतील की मधली रेषा हाताने सहज पुरी करता येईल. पट्टीवाचून दुसरे साधन लागत नाही, आणि तरीही निघते ती वक्ररेषा!

पेन टूलने चित्र काढताना हेच घडत असते. बिंदूपासून निघालेली जी दांडी आपण ओढतो, जिला चित्रकार 'हँडल' म्हणतात, ती म्हणजेच क-ख किंवा घ-ग ही काठी होय. दांडी ज्या दिशेने, त्याच दिशेने रेषा बिंदूतून निघते. दांडी जितकी लांब, तितकी रेषा त्या दिशेस अधिक वेळ चिकटून राहते. दोन तुकडे जेथे जुळतात तेथील दोन्ही दांड्या एका सरळ रेषेत असतील तर सांधा दिसत नाही. त्या जराशा वाकड्या झाल्या की तेथे कोपरा पडतो. नवशिक्याची चूक बहुधा एकच असते. रेषा मनासारखी येत नाही म्हणून तो तिच्यावर आणखी एक बिंदू ठेवतो, मग आणखी एक, आणि रेषा जिवंत राहण्याऐवजी खडबडीत होते. जाणकार उलट वाट धरतो. आकृती जेथे सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे व सर्वांत उजवीकडे पोचते, तेवढ्याच जागी तो बिंदू ठेवतो, दांड्या आडव्या किंवा उभ्या ठेवतो, आणि उरलेले काम रेषेवर सोपवितो. अशा चार बिंदूंनी वर्तुळ काढले आणि प्रत्येक दांडी त्रिज्येच्या सुमारे 0.5523 पट ठेवली, तर खऱ्या वर्तुळाशी पडणारा फरक त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांहूनही कमी असतो. ही रेषा तंतोतंत वर्तुळ कधीच होत नाही, हे खरे. परंतु डोळ्यास तो फरक कळत नाही.

पुन्हा बेझिये ह्यांच्याकडे वळू. त्यांनी आपल्या पद्धतीस 'युनिसर्फ' असे नाव दिले. तिच्यात गणित होते, तशी यंत्रेही होती. खऱ्या मापात रेषा काढून दाखविणारे यंत्र एका बाजूस आणि मऊ पदार्थातून नमुना कोरणारे यंत्र दुसऱ्या बाजूस, अशी त्यांची मांडणी होती. कलावंताने आकडा बदलावा आणि नवी रेषा पूर्ण आकारात आपल्या डोळ्यांनी पाहावी, ह्यावर त्यांचा कटाक्ष असे. आरंभी पुष्कळांना हा खटाटोप वेडेपणाचा वाटला. असली पद्धत खरोखर उपयोगाची असती तर अमेरिकनांनी ती आधीच शोधली नसती काय, असा शेरा एका वरिष्ठाने मारल्याचे बेझिये पुढे सांगत असत. त्यांचा विनोदी स्वभाव ह्या प्रसंगी कामास आला. आपल्या पद्धतीतील गणित ओनेझिम द्युरां नावाच्या कोणा प्राध्यापकाचे आहे, असे ते सांगत. आणि गंमत अशी की, असा प्राध्यापक जगात कोणी नव्हताच! कारखान्यातील माणसाच्या गणितापेक्षा प्राध्यापकाच्या गणितास लोक अधिक मान देतात, हे त्यांनी ओळखले होते. 1968 मध्ये युनिसर्फ कारखान्यात वापरात आली आणि 1975 पर्यंत ती तेथे पूर्णपणे रुळली.

येथे एका दुसऱ्या माणसाची हकिकत सांगणे आमचे कर्तव्य आहे; नाही तर हे चरित्र अपुरे व अन्यायाचे होईल. पॅरिसमध्येच सित्रोएन हा दुसरा मोटार कारखाना होता. तेथे 1958 मध्ये पॉल द कास्तेल्जो नावाचे तरुण गणिती नोकरीस लागले. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आला, आणि 1959 मध्येच, म्हणजे बेझिये ह्यांच्या आधी, त्यांनी तो सोडविला. मध्यबिंदूंची जी कृती आम्ही वर सांगितली ती त्यांचीच असून आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु सित्रोएनने हा शोध गुपित म्हणून ठेवला. कास्तेल्जो ह्यांची टिपणे कारखान्याबाहेर पडू दिली नाहीत, आणि बाहेरच्या विद्वानांना त्यांची खरी ओळख पटावयास 1970 नंतरचे दशक उजाडले. तोवर बेझिये ह्यांनी आपली पद्धत लेखांतून व ग्रंथातून उघडपणे मांडली होती. 1972 मध्ये त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही निघाले. जगाला रेषा भेटली ती बेझिये ह्यांच्या हातून, आणि म्हणून तिला नावही त्यांचेच मिळाले.

ह्या दोघांच्याही मागे आणखी एक नाव उभे आहे. रशियन गणिती सर्गेई बर्नस्टाइन ह्यांनी 1912 मध्ये एका निव्वळ तात्त्विक सिद्धांताच्या सिद्धतेसाठी काही बहुपदी मांडल्या होत्या. मोटारीचे पत्रे किंवा छापील अक्षरे ह्यांच्याशी त्यांचा तेव्हा कसलाच संबंध नव्हता. बेझिये ह्यांची सूत्रे वेगळ्या रूपात लिहिली तर त्याच बहुपदी निघतात, हे इंग्लंडमधील संशोधक रॉबिन फॉरेस्ट ह्यांनी 1972 मध्ये दाखविले. अर्धशतकाहून अधिक काळ ग्रंथांत पडून असलेले गणित असे कारखान्याच्या दारी आले. निरुपयोगी ज्ञान म्हणून काही असतेच असे नाही. त्याची वेळ यावी लागते, एवढेच.

बेझिये ह्यांना अध्यापनाची गोडी होती. 1968 पासून 1979 पर्यंत ते पॅरिसमधील 'कॉन्झर्व्हातवार' ह्या जुन्या तंत्रशिक्षणसंस्थेत उत्पादन अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. 1975 मध्ये कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी काय केले असेल? ते पुन्हा विद्यार्थी झाले, आणि 1977 मध्ये, वयाच्या 66 किंवा 67 व्या वर्षी, त्यांनी पॅरिस येथील विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळविली. एके काळी आपले गणित ज्यांनी काल्पनिक प्राध्यापकाच्या नावावर खपविले, ते आता स्वतःच्या नावाने त्या विषयाचे पंडित ठरले. संगणकचित्रणाच्या क्षेत्रातील मानाचा समजला जाणारा कून्स पुरस्कार त्यांना 1985 मध्ये देण्यात आला.

ह्याच सुमारास त्यांच्या रेषेने कारखान्याचा उंबरठा ओलांडला. अमेरिकेत 1982 मध्ये स्थापन झालेल्या ॲडोबी कंपनीने 1984 मध्ये पानांच्या छपाईसाठी 'पोस्टस्क्रिप्ट' नावाची संगणकभाषा काढली, आणि तीत अक्षरांच्या कडा बेझिये वक्रांनीच लिहिल्या जात. 1987 मध्ये त्याच कंपनीची 'इलस्ट्रेटर' ही चित्रप्रणाली आली, आणि तिच्यातील पेन टूलमुळे चार बिंदूंची ही विद्या चित्रकारांच्या हाती पोचली.

आपल्या मराठी अक्षरांचीही हीच कथा आहे. जावजी दादाजी ह्यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या देवनागरी टाइपांची एके काळी सर्वत्र वाखाणणी होत असे. त्या काळी कारागीर पोलादाच्या ठशावर एकेक अक्षर उलटे कोरी, तो ठसा तांब्यावर मारी, आणि त्या साच्यात शिसे ओतून खिळे पाडले जात. मोठे अक्षर हवे असेल तर तेच अक्षर मोठ्या ठशावर पुन्हा कोरावे लागे. आज संगणकावरील देवनागरी अक्षराची कड म्हणजे बिंदूंची आणि दांड्यांची एक यादी असते. कोठे दोन दांड्यांचे वक्र, कोठे एकाच नियंत्रक बिंदूचे. त्या एका यादीतून टीपेचे बारीक अक्षरही निघते आणि दुकानाच्या पाटीचे हातभर अक्षरही निघते. तथापि, 'क' चे पोट किती फुगवावे आणि 'ळ' ची वाटोळी किती मोकळी ठेवावी, हे अजूनही डोळ्यालाच ठरवावे लागते. बेझिये ह्यांच्या रेषेने डोळ्याचे काम काढून घेतले नाही. डोळ्याने ठरविलेले जसेच्या तसे टिकविले.

25 नोव्हेंबर 1999 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी बेझिये ह्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ 2007 पासून एक पुरस्कार देण्यात येऊ लागला. 2012 मध्ये तो पुरस्कार कोणास मिळाला, तर पॉल द कास्तेल्जो ह्यांना! ज्यांचा शोध गुपित ठेवला गेल्यामुळे रेषेला त्यांचे नाव मिळाले नाही, त्यांचा गौरव अखेर त्या नावाच्याच पुरस्काराने झाला. ते 2022 मध्ये वारले.

दोघे समकालीन, एकाच नगरात काम करणारे, आणि दोघांनाही सापडलेले सत्य एकच. एकाचे टिपण कपाटात राहिले आणि दुसऱ्याचे पान पानापुढे जात राहिले. ह्यात कास्तेल्जो ह्यांचा दोष काहीच नव्हता, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये; आणि बेझिये ह्यांनी आपले ज्ञान वाटले, हेही विसरू नये. ते कपाटात राहिले असते तर ही रेषा आपल्या अक्षरांपर्यंत केव्हा पोचली असती, कोण जाणे! पुढच्या वेळी संगणकावर कोयरी काढावयास बसाल, तेव्हा बिंदू थोडे ठेवा, दांड्या विचाराने ओढा. आणि रेषा मनासारखी वळली की ती कशी वळविली हे शेजारच्या मुलासही दाखवा.